'घरमा' आणि 'घरात'

सकाळी आजी पाटावर गेली. परत आली तेव्हा तिचे पाय चिखलाने भरले होते आणि ती हसत होती. बाबांनी लगेच कोपऱ्यातलं फावडं उचललं.

तिसरीच्या मुलाला वाचता येतील अशी ही तीन वाक्यं मी या लेखासाठी बनवली आहेत. त्यांवर प्रश्न एकच : आजी का हसत होती?

मुंबईतल्या एखाद्या फ्लॅटमधलं मूल ही वाक्यं धडधड वाचेल आणि प्रश्नाला अडेल. त्याच्या लेखी पाट म्हणजे जेवायला किंवा पूजेला बसायची लाकडी फळी. आजी तिच्यावर 'गेली' म्हणजे काय, आणि फळीवर चिखल कुठून आला? साक्री तालुक्यात पांझरेच्या काठावरचं मूल कदाचित अडखळत, बोट ठेवत वाचेल, पण प्रश्न पुरा व्हायच्या आत सांगेल, "पाटले पानी उनं ना!" पाटाला पाणी आलं. वर दिलेल्या मजकुरात 'पाणी' हा शब्द कुठेच नाही. चिखल, हसू आणि फावडं या तीन खुणा जोडून मुलाने तो स्वतः आणला. तो जोडता आला, कारण या भागात नदीवर छोटे बंधारे बांधून पाटाने शेतांना पाणी द्यायची फड पद्धत काही शतकं चालत आलेली आहे. गावची भिजणारी जमीन फडांत वाटलेली, पाण्यावर नजर ठेवायला पाटकरी, आणि पाणी पाळीपाळीने. पाटाला पाणी येणं ही तिथे घरातली बातमी असते.

वाचून समजणं ते हेच. शिक्षणाच्या भाषेत याला आकलन म्हणतात. पण गंमत पुढे आहे. हेच उत्तर त्या मुलाने वहीत जसंच्या तसं लिहिलं तर 'पाटले', 'पानी', 'उनं' अशा तिन्ही शब्दांभोवती लाल गोल पडतील. घरी वही उघडणाऱ्या आईबापांना गोल दिसतात, समज दिसत नाही. मग 'आमच्या पोराचं मराठी कच्चं आहे' असं ठरतं, शिकवणी लागते, आणि शिकवणीत पुन्हा तेच गोल.

जळगाव-धुळ्याच्या आईबापांनी आकलन आणि व्याकरण या दोन गोष्टी आधी वेगळ्या करून पाहाव्यात, मग त्या एकमेकींना कशा मदत करतात ते पाहावं, एवढ्यासाठी हा लेख.

१९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी वाचनाचं एक साधं गणित मांडलं. वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार : अक्षरांतून शब्द उलगडता येणं आणि ती भाषा कानाने ऐकून समजणं. मुद्दा गुणाकाराचा आहे. बेरीज असती तर एक बाजू शून्य असूनही काहीतरी हाती लागलं असतं. इथे कुठलीही एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्य. संस्कृत स्तोत्रं खडाखडा वाचणाऱ्या, पण अर्थ न कळणाऱ्या माणसाची दुसरी बाजू शून्य असते. निरक्षर आजीची पहिली.

या गणिताचा घरात फार उपयोग आहे, कारण त्यातून एक फुकटची तपासणी निघते. मुलाच्या बालभारतीतला न वाचलेला एखादा परिच्छेद घ्या. मुलाला वाचायला सांगा आणि दोन-तीन प्रश्न विचारा. दुसऱ्या दिवशी तेवढाच, तशाच अवघडपणाचा दुसरा परिच्छेद तुम्ही स्वतः, किंवा मोठ्या ताईने, वाचून दाखवा आणि तसेच प्रश्न विचारा. ऐकून उत्तरं येतात पण वाचून येत नाहीत, तर गाडी अक्षरांत अडली आहे. ऐकूनही येत नाहीत, तर शब्द आणि संदर्भ कमी पडत आहेत. पहिल्या मुलाला व्याकरणाचं पुस्तक आणून दिलं काय किंवा दुसऱ्याकडून बाराखडी घोटून घेतली काय, दोन्ही वाया. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत औषध आधी आणि तपासणी नंतर असा क्रम असतो.

अक्षरांत अडलेल्या मुलाला 'आळशी' म्हणण्याआधी आपल्या लिपीकडे एकदा नव्याने बघा. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारताना क आधी. 'सूर्य'मधला र डोक्यावर बसतो, 'प्रकाश'मधला पायात, 'राष्ट्र'मध्ये तो तिसराच वेष घेतो आणि 'सुऱ्या'मध्ये चौथा. इंग्रजीत सव्वीस अक्षरं शिकली की संपतात. आपल्याकडे मुळाक्षरं, बाराखडी आणि जोडाक्षरं मिळून शेकडो आकृत्या होतात. कन्नड शाळांतल्या मुलांवर काम करणाऱ्या सोनाली नाग यांच्या अभ्यासात दिसलं की अशा लिपीत अक्षरओळख पहिली-दुसरीत संपत नाही, पुढची काही वर्षंही चालू राहते. तिसरीतल्या मुलीला 'र्‍य' दिसल्यावर थांबावं लागलं तर त्यात नवल नाही.

थांबण्याचा तोटा असा की वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. उपाय कंटाळवाणा वाटेल, पण तो लागू पडतो : तोच छोटा मजकूर तीन-चार दिवस पुन्हा वाचणं. पहिल्या दिवशी सगळं लक्ष अक्षरांवर जातं, तिसऱ्या दिवशी ते अर्थाकडे वळायला मोकळं होतं. केंद्र सरकारच्या २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत मोहिमेत तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत असं लक्ष्य आहे. घराघरांत या वाक्यातला '६०' पोचला, 'अर्थासह' वाटेत गळला. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मुलाला धावायला लावणारे बाप मी पाहिले आहेत. शिवाय मराठीतला एक शब्द म्हणजे इंग्रजीतला एक शब्द नव्हे. 'झाडाखालच्यांना' हा आपला एकच शब्द, पण त्यात झाड, जागा, माणसं आणि नातं असा सगळा संसार भरलेला असतो.

प्रश्न फक्त आपल्या घरचा नाही, हेही सांगायला हवं. 'असर'च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. म्हणजे निम्म्याहून थोडी अधिक मागेच. आणि ही पाहणी मुख्यतः मजकूर नीट उच्चारून वाचता येतो का एवढंच बघते, समजला का हा पुढचा प्रश्न.

आता खानदेशाच्या खास गोष्टीकडे.

चाळीसगाव, अमळनेर, पारोळा, एरंडोल, भडगाव, धुळे, शिंदखेडा या पट्ट्यात घरची बोली अहिराणी. यावल, रावेर, भुसावळ, जामनेरकडे गेलात की लेवा गणबोली. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा-शिरपुरात पावरी, साक्रीकडे भिली आणि कोकणी, मध्ये मध्ये गुजर घरांची गुजरी. जळगावातल्या एखाद्या कॉलनीत एका जिन्यावर तीन बोली सापडतात. जॉर्ज ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीने १९०७ साली 'खानदेशी'ला मराठीच्या खंडात घातलंच नाही, भिली बोलींबरोबर ठेवलं. २०११च्या जनगणनेतही 'खानदेशी' वेगळी मोजली आहे आणि तिथे सुमारे साडेअठरा लाख लोक दिसतात. ज्यांनी घरात अहिराणी बोलून रकान्यात 'मराठी' लिहिलं ते त्यात नाहीत, आणि असे माझ्याच नात्यात किती तरी आहेत. अहिराणी वेगळी भाषा की मराठीची बोली हा वाद विद्वानांवर सोडू. पहिलीतल्या पोराच्या दृष्टीने एवढंच खरं की घरी जे बोलतात ते पुस्तकात नाही.

फरक कुठे आहेत ते बघितलं की मुलाच्या निम्म्या 'चुका' डोळ्यांसमोर उलगडतात. अहिराणीत माझं ते 'मनं', तुझं ते 'तुनं', मला म्हणजे 'माले', आहे म्हणजे 'शे'. काय करतो आहेस याला 'काय करी राहिना'. घरात म्हणजे 'घरमा', गावात म्हणजे 'गावमा', वावरात म्हणजे 'वावरमा'. शेवटचे तीन शब्द नीट पाहा. अहिराणीत नाम जसं आहे तसंच राहतं आणि त्याला 'मा' चिकटतो. प्रमाण मराठीत आधी नाम वाकतं, मग प्रत्यय लागतो : घर, घरा, घरात. या वाकण्यालाच शाळेत सामान्यरूप म्हणतात. धुळ्याचं मूल 'झाडवर चिमणी बसली' किंवा 'घरमध्ये पाहुणे आले' असं लिहितं तेव्हा ते व्याकरण मोडत नसतं. घरचं व्याकरण शाळेच्या शब्दांवर चालवत असतं. नियम पाळतंच आहे, फक्त दुसऱ्या घरचा.

हा फरक कळलेल्या आईला व्याकरणाचं गाइड लागत नाही. जेवणं झाल्यावर पाटीवर दोन रकाने आखायचे. एकावर 'घरचं', दुसऱ्यावर 'पुस्तकातलं'. 'चूक' आणि 'बरोबर' ही नावं चुकूनही द्यायची नाहीत. डावीकडे घरमा, गावमा, वावरमा, झाडवर. उजवीकडे घरात, गावात, वावरात, झाडावर. मग विचारायचं, उजवीकडे सगळ्यांत जास्तीचं काय आलं? मूल सांगेल, "काना!" सामान्यरूपाचा पहिला नियम त्याने स्वतः शोधला. दोन दिवसांनी 'भिंत' द्यायची. मूल खुशाल 'भिंतावर' म्हणेल, आणि कानाला ते खटकेल. भिंतीवर. मग 'वाट' : वाटेवर. 'नदी' : नदीत, इथे काहीच बदललं नाही. 'पूल' : पुलावर, इथे काना आला तो आला, वर पहिला ऊकार आखूड झाला. भिंत आणि वाट 'ती' आहेत, घर आणि गाव 'ते', हे मुलाच्या ध्यानात येईल तेव्हा लिंगविचार हा धडा अर्धा झालेला असेल. आठवडाभरात पाच-सहा शब्द एवढाच वेग ठेवा. व्याकरण हे कोडं असेपर्यंत मुलं त्यात रमतात, आज्ञा झालं की पळतात.

जे दोन्हीकडे सारखं आहे तेही दाखवायला हवं, ते कुणी दाखवत नाही. अहिराणी बोलणारं मूल 'भाकर खादी' म्हणतं आणि 'आंबा खादा' म्हणतं. खाणारा तोच, पण क्रियापद भाकरीबरोबर स्त्रीलिंगी होतं, आंब्याबरोबर पुल्लिंगी. भाकरी खाल्ली, आंबा खाल्ला. सहावी-सातवीत ज्याला 'कर्मणी प्रयोग' म्हणून घाबरायचं, ते हे मूल तिसऱ्या वर्षापासून बिनचूक करत आलेलं असतं.

उच्चाराचं थोडं वेगळं आहे. अहिराणीत 'ण'च्या जागी बहुतेक 'न' येतो आणि 'ळ'च्या जागी 'य'. लेवा बोलीतही डोळा 'डोया' होतो, काळा 'काया' होतो. जळगाव जिल्ह्याचं नाव केळीवर चालतं आणि घराघरात ती 'केयी' असते. श्रुतलेखनात मूल 'पानी' लिहितं कारण त्याच्या कानाला तसंच ऐकू येतं. पन्नास वेळा 'पाणी' लिहायला लावून हात दुखतो, कान बदलत नाही. त्यापेक्षा 'मन' आणि 'मण' अशी जोडी घ्या. 'मन दुखलं' आणि 'मणभर कापूस' ही दोन वाक्यं सावकाश, जिभेकडे लक्ष द्यायला लावून म्हणा, आणि मुलाला कोणतं ऐकलं ते बोटाने दाखवायला सांगा. हा खेळ पाच मिनिटांचा आहे. तुमच्या स्वतःच्या उच्चारात फरक येत नसेल तर मोबाइलवर आकाशवाणीच्या मराठी बातम्या लावा, त्यात 'ण' आणि 'ळ' पकडायची शर्यत लावा. आजोबाही येतात खेळायला.

बोलताना मात्र मुलाला टोकू नका. "मनं पुस्तक घरमा शे" असं मूल म्हणालं आणि तो वेळ अभ्यासाचा असेल, तर "हो का, तुझं पुस्तक घरात आहे?" एवढंच म्हणायचं. दुरुस्ती झाली, अपमान झाला नाही. अभ्यासाचा वेळ नसेल तर अहिराणीत उत्तर द्यायचं.

इथे एक वाद मला टाळता येत नाही. जळगाव-धुळ्यातल्या पुष्कळ घरांनी अलीकडे ठरवलं आहे की पोरांशी अहिराणी बोलायचं नाही, नाहीतर त्यांचं मराठी बिघडेल. हेतू चांगला आहे, पण परिणाम उलटा होतो असं मला वाटतं. ज्या आईची स्वतःची भाषा अहिराणी आहे ती त्या भाषेत भांडते, गोष्ट सांगते, टोमणा मारते, कारणं देते. तीच आई प्रमाण मराठीत 'जेवण कर', 'अभ्यास कर', 'झोप आता' यापलीकडे जात नाही. मुलाच्या हातची श्रीमंत भाषा काढून घेतली आणि बदल्यात आज्ञांची यादी दिली. गुणाकाराची दुसरी बाजू, कानाने समजण्याची, इथेच खचते.

नॉर्वेच्या संसदेने १८७८ सालीच ठरवलं होतं की प्राथमिक शाळेत शिकवणं शक्य तितकं मुलांच्या बोलण्याच्या भाषेत व्हावं. तिथे आजही मुलं वर्गात आपापल्या बोलीत बोलतात आणि लिहिताना प्रमाण रूप लिहितात. इतक्या लांब जायचं नसेल तर फलटण आहे. अमेरिकेतून आलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या लोकांच्या बोलण्यातल्या फरकांवर १९७३ साली पीएच.डी.चा प्रबंध लिहिला, मग तिथेच राहिल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि बोलीत बोलणाऱ्या मुलांना वाचायला शिकवण्यात आयुष्य घातलं. कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यातूनच उभी राहिली. एक भाषाशास्त्रज्ञ पहिलीच्या वर्गात जाऊन बसली याचं मला फार अप्रूप आहे.

आणि धुळ्याला तर राजवाडे होते. वि. का. राजवाड्यांना आपण इतिहासाचार्य म्हणून ओळखतो, पण ज्ञानेश्वरीतल्या मराठीचं व्याकरण त्यांनीच लिहिलं. शेवटची वर्षं धुळ्यात काढून ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच ते वारले. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात त्यांनी गोळा केलेली कागदपत्रं आहेत. राजवाड्यांनी ज्ञानेश्वरी उघडली आणि तिच्यातून व्याकरण काढलं, व्याकरण उघडून ज्ञानेश्वरी तपासली नाही. घरच्या पाटीवरच्या दोन रकान्यांचा क्रमही तोच आहे : आधी बोलणं, मग त्यातला नियम. 'खालील वाक्यातील नाम अधोरेखित करा' हे सगळं ठीक आहे, परीक्षेपुरतं करून घ्या. शुद्धलेखनाच्या नियमांचा बाऊ तर अजिबात नको. १९६२ साली चौदा नियम ठरले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली, आणि हे अठरा नियम न चुकता पाळणारे प्रौढ शोधायला कंदील लागेल. प्राथमिकच्या मुलाने शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहिला आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दिला तरी पुष्कळ झालं.

पुन्हा आकलनाकडे. घरी धडा वाचून झाल्यावर आपण सहसा विचारतो, 'समजलं का?' याचं उत्तर जगभर 'हो' असंच असतं. दुसरा आवडता प्रश्न असतो तो धड्याखालचा, ज्याचं उत्तर धड्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून उतरवता येतं. आजी कुठे गेली? पाटावर. हा प्रश्न टाकाऊ नाही, पण तो समज तपासत नाही. मी माझ्या भाच्यांवर एक वाक्य वापरतो : "कशावरून म्हणतोस?" आजी हसत होती, पाणी आलं म्हणून. कशावरून? चिखलावरून. चिखल पावसानेही होतो की! मग मूल पुन्हा मजकुरात शिरतं आणि विजयाने फावडं घेऊन बाहेर येतं. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसलं तरी हा प्रश्न विचारता येतो. मुलाने वाचायचं, तुम्ही ऐकायचं आणि शंका काढायची. घरात शंकेखोर आजोबा असतील तर त्यांना हे काम द्या.

धड्यात समुद्र, नारळाची वाडी, बोट आली की खानदेशी मूल पाटावर अडलेल्या मुंबईकराच्या जागी येतं. तिथे दोष मुलाच्या वाचनाचा नसतो. अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ माहीत नसलेल्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी केळीची बाग ठेवा. मृगबाग कोणती आणि कांदेबाग कोणती, घडाला किती फण्या लागल्या, यावर रावेरचं चौथीतलं पोर कृषी अधिकाऱ्याशी वाद घालेल. म्हणून धडा समुद्राचा असेल तर वाचनाआधी दहा मिनिटं समुद्रावर बोला, मोबाइलवर भरती-ओहोटी दाखवा, तापीच्या पुराशी तुलना करा. आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ शब्दकोशातल्या दुसऱ्या अवघड शब्दाने सांगू नका. 'उद्यान म्हणजे उपवन' यातून काय कळणार? 'उद्यान म्हणजे आपण जातो तो बगीचा', झालं. घरच्या बोलीतला प्रतिशब्द असेल तर आधी तो.

कोडी हीसुद्धा याच कामाची. हिरवं लुगडं नेसलेली, एकदाच बाळंत होते, शंभर लेकरं देते आणि मग तिला कापून टाकतात, ती कोण? केळ. सांगितलेल्या खुणांवरून न सांगितलेलं ओळखणं म्हणजे आकलनाचा पाया, आणि तो रात्री गच्चीवर अंथरुणात पडून, पाटी-पुस्तकाशिवाय घालता येतो.

वाचायला काय द्यायचं, हा प्रश्न हमखास येतो. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, मागच्या इयत्तेचं पुस्तक घेतलं तर मूल न अडखळता वाचतं आणि खूश होतं. बालभारतीचंच 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंकही तिथे वाचायला मिळतात. एवढं वर्षभर पुरतं. पण त्याहून चांगलं पुस्तक मुलाने घरच्या घरी तयार केलेलं असतं.

हे मी सुचवतो आहे ते माझं नाही, खानदेशाचं जुनं आहे. १९२४ ते १९३० साने गुरुजी अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत. तिथल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. शाळा सांभाळून रोजचा मजकूर हाताने लिहायचा! मुलं तो वाचायची यात शंका कशाला, त्यात त्यांच्याच खोलीतली, त्यांच्याच ताटातली बातमी असणार. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी गीतेवर बोलू लागले. अठरा रविवार चाललेलं ते बोलणं गुरुजींनीच उतरवून घेतलं, आणि 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्यातून झालं. इकडे जळगावात बहिणाबाई चौधरींना अक्षर लिहिता येत नव्हतं. त्या शेतात, जात्यावर ओव्या रचत आणि त्यांचा मुलगा सोपानदेव व घरातली मंडळी त्या कागदावर घेत. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, आचार्य अत्र्यांच्या नजरेला ती वही पडली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. बहिणाबाईंच्या कविता आज पाठ्यपुस्तकात आहेत, त्यातल्या बोलीसकट, आणि ज्या मुलाच्या वहीत 'डोया'वर लाल गोल पडतो तेच मूल ती कविता पाठ करतं.

म्हणजे या मातीतली दोन मोठी पुस्तकं आधी बोलली गेली आणि दुसऱ्या कुणीतरी ती लिहून घेतली. तोच धंदा मुलाला द्या. आजीने सांगायचं, मुलाने लिहून घ्यायचं. आखाजीला झोका कोणत्या झाडाला बांधला होता, कानबाई बसायची तेव्हा घरात काय काय व्हायचं, पहिल्यांदा एसटीने धुळ्याला गेली तेव्हा काय पाहिलं. पाच-सहा वाक्यं पुरे. आजी अहिराणीत सांगेल. मुलाने आधी डाव्या पानावर जसंच्या तसं लिहायचं, मग उजव्या पानावर 'पुस्तकातल्या' मराठीत. डावं पान तपासायचं नाही. त्याचं शुद्धलेखन अजून तिथल्या जाणकारांतही पुरतं ठरलेलं नाही, तर तिसरीतल्या पोराला कोण पकडणार? उजवं पान मुलाने आजीला वाचून दाखवायचं आणि 'मी असं म्हटलंच नव्हतं' हा आजीचा हक्क राखून ठेवायचा.

या एका कामात वर सांगितलेलं सगळं येतं. ऐकून समजून घेणं येतं, 'वावरमा'चं 'वावरात' होताना काना येतो, 'पानी'चं 'पाणी' करताना कान थांबतो, आजीचं लांबलचक बोलणं तोडून पूर्णविराम कुठे द्यायचा हे ठरवावं लागतं. मराठीत हे चिन्ह एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी या इंग्रजाने रुळवलं, आणि आजीच्या बोलण्यात ते आजतागायत शिरलेलं नाही. पानं साठली की सुईदोऱ्याने शिवायची, वर जुन्या कॅलेंडरचा जाड कागद. वाचन अडलेल्या धाकट्या भावाला पहिलं पुस्तक म्हणून हेच द्यायचं. त्यातला प्रत्येक शब्द त्याने आधी ऐकलेला असतो, त्यामुळे 'र्‍य' आला तरी तो अंदाजाने पुढे सरकतो.

भांडण होतं ते एकाच ठिकाणी. विहिरीला घरात 'हिर' म्हणतात. डाव्या पानावर ती ऱ्हस्व लिहायची की दीर्घ, यावर आजी, नातू आणि जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले आजोबा यांचं एकमत होत नाही, आणि तेवढ्यात पाटाला पाणी येतं.